नानांचा विलायती शब्द

नानांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असायचा. शाळा सुटली, पेन्शन सुरू झाली, पुढचे दात पडले, पण खडू सुटला नाही. बोलता बोलता जे समोर दिसेल त्यावर लिहायचे. मळ्यातल्या खोलीचं दार, पाण्याची टाकी, ट्रॅक्टरचं मडगार्ड. एकदा तर उभ्या म्हशीच्या पाठीवर लिहिलं. म्हणाले, एवढा चांगला फळा मला शाळेत कधी मिळाला नाही. म्हैस जाऊन डबक्यात बसली आणि त्यांचा शब्द धुवून निघाला. नाना काठावर उभे राहून हळहळत होते, जशी काय म्हैसच बुडाली.

आमचं गाव धरणगावहून चोपड्याकडे जाताना लागतं, तापीच्या अलीकडे. वरच्या अंगाला कापूस, नदीच्या अंगाला केळी. नाना धरणगावला शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि गावात त्यांची केळीची बाग होती. त्या बागेत आबा सालदार होते. आबा म्हणजे माझा नवरा. पोरं आबा म्हणायची, म्हणून मी पण आबाच म्हणायला लागले. सालदार म्हणजे सालाचा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतो, पुढच्या आखाजीला सुटतो. मधलं बठ्ठं वर्ष त्याचं अंग मालकाचं. मालकाची बाग, मालकाचं पाणी, मालकाच्या बैलाचं पोट दुखलं तर जागरण पण त्याचंच. आम्ही मळ्यातल्या खोलीत राहायचो. मी शेण काढायची, नानांच्या घरचं अंगण झाडायची, निंदायला जायची. मला शिक्षण नाही. सही येते, ती पण वेळ लागतो.

पण नानांचं बोलणं मी इतकं ऐकलंय की अर्धं अजून पाठ आहे.

त्यांना नाद होता शब्दांचा. कोणाला दारूचा असतो, कोणाला पत्त्यांचा, यांना शब्दांचा. शब्द कुठून आला, आधी काय होता, मग काय झाला. ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, जुना शब्द सांग आणि चहा पी. गावातले म्हातारे हुशार. एक म्हातारा घरून शब्द बनवून आणायचा. काहीतरी बडबडायचा आणि बशी पुढे करायचा. मी एकदा नानांना म्हटलं, "नाना, तो फसवतो तुम्हाले."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण खोटा शब्द बनवायला पण डोकं लागतं. त्या डोक्याचा चहा."

नाना शाळेची भाषा बोलायचे. बैलाशी पण तसंच. "सरक जरा तिकडे, कृपा कर," असं बैलाला म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल. बैल सरकायचा नाही, मग आबा मागून एक शब्द टाकायचे आणि बैल सरकायचा.

छत्री घेऊन फिरायचे, पण उघडायचे नाहीत. उन्हात घाम गळतोय आणि छत्री काखेत. म्हणायचे, उघडली की हात अडकतो, मग लिहू कसा? केळीची बाग असून केळं खायचे नाहीत. कफ होतो म्हणायचे. आणि शिव्यांचं तर विचारूच नका. नळावर बायांचं भांडण लागलं की नाना जाऊन मधे उभे राहायचे. एकदा माझंच लागलं होतं शेजारणीशी. तिनं मला एक शिवी दिली, मी तिला त्याच्यावरची दिली. नाना मधे आले आणि तिला म्हणाले, "बाई, तू आत्ता जे म्हणालीस ना, ते आधी वाईट नव्हतं. ते गावाच्या एका कामाचं नाव होतं. काम करणारा गरीब होता, म्हणून त्याच्या कामाची शिवी झाली." मग त्यांनी खडू काढला आणि नळाच्या ओट्यावर लिहायला लागले. आमचे हंडे भरून वाहायला लागले. शेजारीण मला म्हणाली, "चाल वो माय, उद्या भांडू." नानांमुळे गावातली भांडणं मिटायची ती अशी, कंटाळून.

तर त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता तो विलायतेचा.

तो त्यांनी किती जणांना सांगितला असेल त्याला गणती नाही. फार जुन्या काळी, म्हणायचे, विलायतेत मोठ्या लोकांच्या शेतवाड्या असायच्या. त्या वाडीला ते लोक व्हिला म्हणत. त्या वाडीवर बांधलेला जो गडी, तो व्हिलेन. बांधलेला म्हणजे दोरीनं नाही. वाडी सोडून जायची त्याला सोय नाही. मालकाला विचारल्याशिवाय लेकीचं लग्न करता येत नाही. वाडी दुसऱ्याच्या नावावर झाली तर गुराढोरांसारखा हा पण त्याच्या नावावर. नाव मात्र साधं होतं. वाडीवरचा माणूस, एवढंच. मग मोठे लोक एकमेकांना म्हणायला लागले, काय त्या वाडीवाल्यासारखा वागतोस. म्हणजे गावंढळ. मग गावंढळाचा झाला हलकट. मग हलकटाचा झाला चोर, दगाबाज. आणि आता सिनेमात जो बाईचा हात धरतो, खून करतो, तो व्हिलन. "बघ," नाना म्हणायचे, "त्या माणसानं काही केलं नाही. तो नांगरच धरून होता. त्याच्या नावावर दुसऱ्यांनी चिखल टाकला. एकानं टाकला नाही, सगळ्यांनी थोडा थोडा टाकला."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं. मी पाहिलंय.

मी एकदा विचारलं, "आन त्या गड्याच्या बायकोले काय म्हनेत?"

नाना थांबले. खडू बोटात फिरवला. "पाहून सांगतो," म्हणाले. नंतर काही सांगितलं नाही. मी पण पुन्हा विचारलं नाही.

आबांना ते सालदार या शब्दाचं पण सांगायचे. दार म्हणजे धरणारा. जमीनदार जमीन धरतो, सालदार साल धरतो. आबा केळीच्या बुडातलं पिलू, नवा कोंब काढता काढता ऐकायचे आणि म्हणायचे, "नाना, मी काय साल धरू? सालनी माले धरेल शे." नाना खूश व्हायचे. घरी जाऊन बायकोला सांगायचे, आपला सालदार काय बोलला ऐक. पण गावात एखादा पोरगा बापावर चिडला की म्हणायचा, मी काय तुमचा सालदार आहे का? तेव्हा नाना म्हणायचे, पाहिलं, लागला चिखल पडायला.

म्हणून मला वाटायचं, या माणसाला कळतं. बाकीच्यांचं जाऊ द्या, नानांना कळतं.

एका साली आबांनी ठरवलं की आखाजीला साल सोडायचं. दीपनगरला, वीज बनवतात तिथं, राखेच्या गाडीवर ठेकेदाराकडे काम मिळत होतं. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी. पोरं मोठी होत होती. आबांनी नानांना आधी सांगितलं, चोरून काही केलं नाही. नाना म्हणाले, "जा. पण तिकडे राख उडते." एवढंच. मनाला लागलं असेल, पण अडवलं नाही. खरं ते खरं.

त्याच वेळी नानांचा त्यांच्या पुतण्याशी बांधावरून वाद चालला होता. पुतण्याची बाग शेजारीच. बांध तुझ्याकडे सरकला का माझ्याकडे सरकला, हेच रोज. पुतण्या तापट. पाराजवळ बोलून गेला होता की म्हाताऱ्याला दाखवतोच.

आखाजी जवळ आलेली. नानांच्या बागेत घड भरून आले होते, थोड्याच दिवसात व्यापारी गाडी लावणार होता. एका सकाळी मी उजाडता उजाडता नाल्याकडून जळण घेऊन येत होते. तर नाल्याच्या पलीकडून पुतण्या येत होता. हातात कोयता. पांढरा सदरा, आणि त्याच्यावर केळीचा चीक. ज्यांनी केळीत काम केलंय त्यांना माहीत आहे. तो चीक आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा पडतो, मग कशानं जात नाही. पुतण्या बागेत स्वतः कामाला हात लावणारा माणूस नव्हता. त्याच्या अंगावर चीक कुठून आला? मी पाहतच राहिले. आणि बांधावर नाना उभे होते. काखेत छत्री. त्यांनी पुतण्याला पाहिलं, पुतण्यानं त्यांना पाहिलं. कोणी काही बोललं नाही. पुतण्या घराकडे गेला. नाना तिथंच उभे राहिले.

मी बागेत गेले तर ओळच्या ओळ आडवी. खोडं अर्ध्यावर कापलेली, घड मातीत. पाण्याची चारी चिकानं वाहत होती. आबा मधे उभे होते. त्यांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवली होती. ते रडले नाहीत, एक घड उचलून बांधाला टेकवला, मग दुसरा उचलला. मी म्हटलं, ठेवा ना, कशाला उचलता आता. ते म्हणाले, "मातीत काबरं राहू देवा?"

दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला. सालदारानं कापली. जाता जाता सूड उगवला. कोणी म्हणालं, ठेकेदारानं शिकवलं असेल. कोणी म्हणालं, नाना त्याला सोडत नव्हते म्हणे. आणि पुरावा काय? आबांच्या सदऱ्यावर केळीचा चीक. अहो, केळीत राबणाऱ्याच्या सदऱ्यावर चीक नसेल तर काय अत्तर असेल? आबांचा एक पण सदरा असा नव्हता ज्याच्यावर डाग नाही. लग्नातला होता तो पण काळा झाला होता. पण पोलीस आले, सदरा घेऊन गेले, आणि सदऱ्यात माणूस होता, त्याला पण घेऊन गेले. दोन दिवस ठेवलं. परत आले तेव्हा चालताना पाय ओढत होते. मी चूल पेटवली. तेल गरम करून दिलं.

मी गप्प बसले नाही. मी नळावर सांगितलं, मी पाराजवळ सांगितलं, मी पोलिसाला सांगितलं की मी कोणाला पाहिलं. पोलीस म्हणाला, तू बायको आहेस, तू तर हेच सांगणार. पुतण्याची आई दारात येऊन मला म्हणाली, "तुन्हा नवरा कापस आन मन्हा पोऱ्याचं नाव घेस?" बाया हसल्या. ज्या शेजारणीशी मी भांडायची ती एकटी हसली नाही.

आबा मला म्हणाले, तू नको बोलू. तुझं कोणी ऐकत नाही. नाना सांगतील. नानांनी पाहिलंय ना? मग नाना सांगतील. आखाजीला पाराजवळ बठ्ठे जमतात, तेव्हा सांगतील.

त्यांना दुसरं काही नको होतं. नुकसानभरपाई नको, माफी नको. नानांच्या तोंडून एक वाक्य पाहिजे होतं, चारचौघात. माझ्या सालदारानं कापलं नाही. बस. तेवढ्यावर दीपनगरचं काम राहणार होतं, पोरीची सोयरीक राहणार होती, गावात मान वर करून चालता येणार होतं.

आखाजीच्या दिवशी आमच्याकडे निंबाच्या पाराखाली गर्दी असते. जुने सालदार सुटतात, नवे ठरतात, एकीकडे पत्त्यांचे डाव बसलेले. झाडाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतात. आबा धुतलेला सदरा घालून गेले. डाग होतेच. मी बायांच्या बाजूला उभी राहिले. पुतण्या पत्ते पिसत बसला होता.

गावातला एक जुना माणूस म्हणाला, "नाना, माणूस तुमना. आते तुम्हीच सांगा."

नाना उठले. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खिशातून खडू काढला, पाराच्या दगडाकडे पाहिलं, परत खिशात टाकला. पत्तेवाल्यांनी हात थांबवले. झोक्यावरच्या पोरी पण थांबल्या. आबा हात जोडून उभे होते. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप उभा असतो ना, तसं काहीतरी.

नाना म्हणाले, "फार जुन्या काळी विलायतेत मोठ्या लोकांच्या शेतवाड्या असायच्या."

मला वाटलं, सुरुवात आहे. पुढे येतील मुद्द्यावर. पण नाना वाडीवर गेले, वाडीवरून गड्यावर गेले. गड्याचं नाव कसं साधं होतं, मग गावंढळ कसं झालं, मग हलकट कसं झालं. सावकाश, शाळेत सांगतात तसं. मधे एक जण म्हणाला, "नाना, केळी कोनी कापी ते सांगा."

"मी तेच सांगतोय," नाना म्हणाले.

आणि परत तेच. चिखल कसा पडतो. एकजण टाकत नाही, बठ्ठे थोडा थोडा टाकतात. लोक एकमेकांकडे पाहून हसायला लागले. पत्तेवाल्यांनी पत्ते वाटले. झोके पुन्हा सुरू झाले. नानांनी डोळे पुसले, म्हणाले, "अशी गोष्ट आहे," आणि छत्री काखेत घालून घरी निघाले.

झालं. आबांना एक वाक्य पाहिजे होतं आणि त्यांना बठ्ठी विलायत मिळाली. त्यात सगळं होतं. फक्त कोणी कापलं आणि कोणी नाही, हे नव्हतं.

मी त्यांच्या मागे गेले. ते ओट्यावर चपला काढत होते. मी म्हटलं, "नाना, तुम्ही पाहिलं. मी तुम्हाले पाहिलं पाहताना."

त्यांनी मान वर केली नाही. आणि त्या वेळी, माझ्या माहितीत एकदाच, नाना आमच्या भाषेत बोलले. हळू म्हणाले, "घर फुटी जाई, माय."

मी म्हटलं, "आन आमचं?"

ते चपला काढतच राहिले. दोनच चपला होत्या, किती वेळ लागावा?

त्यांचं घर फुटलं नाही. बांधाचा वाद पण मिटला. पुतण्यानं मुकाट्यानं बांध मागे घेतला, कारण नानांनी पाहिलंय हे त्याला माहीत होतं. म्हणजे त्या गप्प बसण्याचं काहीतरी निघालं, पण ते नानांच्या शेतात निघालं.

आमचं असं झालं की ठेकेदारानं काम दिलं नाही. कापणारा माणूस नको, म्हणाला. पोरीला पाहून गेले होते त्यांनी निरोप पाठवला की थांबू. थांबूचा अर्थ आम्हाला कळतो. आबांचं नाव पडलं कोयत्या. लहान पोरं पण म्हणायची, कोयत्या आला. गावात कोणी साल दिलं नाही. आम्ही गावाच्या कडेला झोपडी घातली. आबा सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला जायचे, तिथं कोणी नाव विचारत नव्हतं, पाठ विचारत होते. आठवड्यानं घरी यायचे. मी कापूस वेचला, मिरची तोडली, लोकांची लग्नं झाली की भांडी घासली. पोरगी उशिरा उजवली, बिजवराला दिली. माणूस बरा आहे, नाही म्हणत नाही. पण तिच्या वयाचा नाही.

माणूस काही पण सहन करतो. मी करत होते, आबा करत होते. त्याचं मला मोठं वाटत नाही.

नानांचं मात्र वेगळंच सुरू झालं. तो शब्द त्यांना सुटेना. आधी दहा शब्द सांगायचे, आता तो एकच सांगायचे. एसटीच्या कंडक्टरला सांगायचे, धरणगावच्या बाजारात कटलरीवाल्याला सांगायचे, दाढी करता करता न्हाव्याला सांगायचे आणि वस्तरा लावून घ्यायचे. लोक म्हणायचे, नाना भ्रमिष्ट झाले. मला नाही वाटत. ज्याला सांगायचं त्याला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जगाला सांगत फिरत होते. कंडक्टरला काय त्याचं? त्यानं तिकीट दिलं.

आमच्या झोपडीपर्यंत यायचे कधी कधी. आखाजीच्या आधी आंबे घेऊन यायचे. बाहेर उभे राहायचे. आबा बाज टाकायचे, पाणी द्यायचे. नाना बसायचे, दाराकडे पाहायचे, खडू काढायचे. आमचं दार पत्र्याचं. त्यावर ते व्हिलेन लिहायचे. मला वाचता येत नव्हतं, पण त्याचा आकार ओळखू यायला लागला. ते गेले की मी ओल्या फडक्यानं पुसायची. आबा म्हणायचे, राहू दे. मी म्हणायची, आपल्या दारावर नको. आंबे पण मी खाल्ले नाहीत. आबांनी खाल्ले. आबांच्या पोटात राग राहत नाही. तो बठ्ठा माझ्याकडे जमा झाला.

आता नात मोठी झाली. तिच्याबरोबर मागे जळगावला दवाखान्यात गेले होते. रस्त्यात पाटी होती, नवी घरं बांधली होती, समोर फवारा, दारात गाडी. नातीनं वाचून दाखवलं, आजी, इथं व्हिला मिळतात. मी म्हटलं, काय मिळतं? ती म्हणाली, व्हिला गं, श्रीमंत लोकांचे बंगले. मी गेटातून पाहिलं. आत एक माणूस वाकून गवत कापत होता. मला नानांची आठवण आली आणि तोंड कडू झालं. वाडीला मान राहिला, वाडीवरच्या माणसाचं नाव शिवी झालं. बरोबर सांगायचे नाना. फार बरोबर सांगायचे, हाच तर राग आहे. अडाणी माणूस गप्प बसला असता तर मी म्हटलं असतं, त्याला काय कळतं.

नाना मेले ते थंडीत. आम्ही दोघं मातीला गेलो. लोकांनी वाट दिली. 

मग आखाजी आली, नानांच्या मागची पहिली. आमच्याकडे ज्या घरात माणूस गेला त्या घरात पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यावर सांजोरी, आंबा. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. पितर बसला की तो तो नसतो. तो मेलेला माणूस असतो. घरचा मुलगा त्याचे पाय धुतो, त्याला त्या माणसाच्या नावानं हाक मारतो. जेवण झालं की हातावर पाणी घालून विचारतो, पोट भरलं का, काही राहिलं का. पितर म्हणतो, भरलं. एखादा विडी मागतो, पान मागतो. जे मागेल ते द्यायचं. त्याला नाही म्हणत नसतात.

आदल्या दिवशी नानांचा मुलगा आमच्या दारात आला. तो पुण्याला असतो, नोकरी आहे. हात जोडून आबांना म्हणाला, "आबा, नाना जाताना सांगून गेले. म्हणाले, माझ्या घागरीला सालदाराला बसव. दुसरा कोणी नको."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "भाऊ, जिवंत होते तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. आता मेल्यावर आमच्या तोंडानं जेवणार का?"

पोरगा खाली पाहत राहिला. त्याला माहीत असावं, नसावं. आबा बाजेवर बसले होते. म्हणाले, "मी येस भाऊ."

"काबरं?" मी विचारलं.

आबा उठले. टोपी शोधायला लागले.

मी पण गेले. स्वयंपाकघराच्या दाराआड बायांमध्ये बसले. ओसरीवर भाऊबंदांची पंगत होती, पुतण्या पण त्यात. आता त्याचे पण केस पिकले. आबांना मधे पाटावर बसवलं. नानांच्या मुलानं पाय धुतले. ज्या पायांना गाव कोयत्याचे पाय म्हणायचं, त्यांना कुंकू लावलं. निखाऱ्यावर तूप टाकून आगारी दिली. आमरस, पुरणपोळी, कुरडई, भजी. आबा सावकाश जेवले. नाना जसे मान खाली घालून जेवायचे तसेच. मी पाहत होते. वाढणाऱ्या सुना फिरत होत्या.

जेवण झालं. मुलगा तांब्या घेऊन पुढे आला, हातावर धार धरली. "नाना, पोट भरलं का?"

"भरलं," आबा म्हणाले.

"काही राहिलं का?"

बठ्ठे उठायच्या तयारीत होते. एकानं ताट सरकवलं पण होतं.

"राहिलं," आबा म्हणाले.

मुलानं तांब्या सरळ केला. "काय, नाना?"

आणि आबा शाळेची भाषा बोलले. जन्मात कधी बोलले नव्हते, घरात नाही, पोलिसापुढे नाही. अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "केळी माझ्या सालदारानं कापली नाही. माझ्या पुतण्यानं कापली. मी बांधावर उभा होतो. मी पाहिलं, आणि गप्प बसलो."

वाढणाऱ्या सुनेच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पंगतीत कोणी वर पाहिना. पितराला खोटं म्हणता येत नाही, आणि पितर म्हणून कोण बसलंय ते तर समोर दिसत होतं. काय करावं कोणाला कळेना. पुतण्यानं मान खाली घातली होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "कढी आना इकडे." सून त्याला कढी वाढायला गेली.

नानांचा मुलगा तसाच वाकलेला होता. त्यानं परत धार धरली. "हो नाना," म्हणाला. त्याला तेवढंच म्हणता येत होतं, रीतच तशी आहे.

आबांनी हात धुतले. मुलानं टॉवेल-टोपी दिली, ती घेतली. आम्ही निघालो. पाराखाली पत्ते चालू होते. पंगतीतली बातमी अजून तिथं पोहोचली नव्हती, का पोहोचून गेली होती, माहीत नाही. एकानं वर पाहिलं आणि पत्ते पिसायला लागला.

वाटेत मी विचारलं, "बरं वाटनं का?"

आबा थोडे पुढे चालत गेले. मग म्हणाले, "काम व्हतं. व्हयनं."

लोक आता मला सांगतात, नानांनी शेवटी न्याय केला, मुद्दाम आबांना बसवून गेले, विचार करूनच गेले. गेले असतील. विचार करायला त्यांच्याइतका वेळ कोणाकडे होता? पण मी म्हणते, नानांची बाग आबांनी पाणी देऊन वाढवली, नानांचे बैल आबांनी हाकले, नानांची पडलेली केळी पण आबांनीच मातीतून उचलली. बोलायचं तेवढं एक काम नानांचं स्वतःचं होतं. तोंड त्यांचं होतं, डोळे त्यांचे होते. ते पण शेवटी सालदारालाच करावं लागलं.